पडलेल्यासाठी कोण थांबेल?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 15:36-40, 2 तीमथ्य 4:9-13



सायकलच्या शर्यतीवर उपदेश कसा काय, असे काही वाचकांस वाटेल. पण करिंथ येथील मंडळीला लिहिताना प्रेषित पौलाने धावण्याच्या शर्यतीचा व मुष्टियुद्धाचा दाखला देण्यास मागेपुढे पाहिले नाही. करिंथजवळ मोठे क्रीडोत्सव भरत, आणि ते लोक खेळ जाणणारे होते. आज आपल्या घरांतील मुलेमुलीही जगभरचे खेळ पाहतात. त्यांच्या डोळ्यांपुढे जे घडते त्यातून शास्त्राचा अर्थ उलगडत असेल तर तो उलगडून दाखवावा, हे बरे.

15 ऑगस्ट 2024 ची गोष्ट. आमच्याकडे, भोपाळातील अवधपुरीत, बी.एच.ई.एल.च्या कारखान्यालगतच्या ह्या वस्तीत, सकाळी झेंडावंदन होऊन मुले लाडू खात घरी गेली होती. त्याच दिवशी युरोपात महिलांच्या 'टूर डी फ्रान्स' ह्या सायकल शर्यतीचा पाचवा टप्पा होता. बेल्जियममधील बास्तोन्य गावाहून निघून फ्रान्समधील आमनेव्हील येथे पोहोचावयाचे होते. अंतर सुमारे 152 किलोमीटर.

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो, कारण पुढील सारे त्यावर अवलंबून आहे. त्या वर्षी 22 संघ होते, प्रत्येक संघात 7 जणी, आणि शर्यत 8 टप्प्यांची. सर्व टप्प्यांचा वेळ एकत्र केला असता जिचा वेळ सर्वांत कमी, ती विजयी. जी आघाडीवर असेल तिला पिवळी जर्सी घालावयास देतात. नाव एकीचे होते खरे, पण शर्यत एकटीने जिंकता येत नाही. पुढच्या सायकलीच्या मागे अगदी लागून चालविली म्हणजे वाऱ्याचा मार पुष्कळ कमी होतो व ताकद वाचते. म्हणून संघातील सहा जणी आळीपाळीने पुढे होऊन आपल्या प्रमुखीला आडोसा देतात, तिच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणतात, प्रसंगी आपले चाक काढून तिला देतात. ह्यांतील पुष्कळ जणींची नावे वर्तमानपत्रात कधीच येत नाहीत. त्यांचा पगारच दुसरीला जिंकविण्यासाठी असतो.

त्या दिवशी पिवळी जर्सी नेदर्लंडच्या डेमी व्होलरिंगच्या अंगावर होती. 2023 सालची विजेतीही तीच. शेवटचे सुमारे 6 किलोमीटर उरले होते आणि घोळका पूर्ण वेगात होता. वळण घेताना सायकल आतल्या बाजूला कलते. अशा वेळी टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो तो दोन बोटांपेक्षा मोठा नसतो, आणि माणसाचा सारा भार तेवढ्यावर पेललेला असतो. एकीचे चाक निसटले किंवा हॅण्डलला हॅण्डल लागले की मागच्यांना थांबावयास जागाच उरत नाही. तसेच झाले. एका वळणावर कित्येक जणी एकमेकींवर आदळल्या, आणि त्यांत पिवळी जर्सीही रस्त्यावर आडवी झाली.

घोळका पुढे गेला. आघाडीच्या गटात व्होलरिंगच्याच संघाची हंगेरीची ब्लांका वाश होती. तिने तो टप्पा जिंकला. म्हणजे एकाच संघाची एक मुलगी शेवटच्या रेषेवर हात उंचावीत होती, आणि त्याच संघाची प्रमुख मागे, खरचटलेल्या अंगाने, दुखऱ्या कमरेने पुन्हा सायकलीवर बसून येत होती. तिला 1 मिनिट 47 सेकंद उशीर झाला. पिवळी जर्सी पोलंडच्या कासिया न्येव्यादोमाकडे गेली.

पण एक जण मागे राहिली होती. मिशा ब्रेडेवोल्ड हे तिचे नाव. ती आपल्या प्रमुखीपुढे वारा अडवीत तिला शेवटच्या रेषेपर्यंत घेऊन आली. त्या टप्प्याच्या निकालात तिचा क्रमांक कितवा होता हे आज कोणी विचारीत नाही.

ह्याच टप्प्यात ब्रिटनची फायफर जॉर्जी हीही पडली. तिच्या मानेचे व हाताचे हाड मोडले आणि तिला शर्यत सोडावी लागली. तिच्याविषयी मात्र फार थोडे बोलले गेले, कारण तिच्या अंगावर पिवळी जर्सी नव्हती. मंडळीतही पाळकाच्या किंवा वडिलाच्या घरी काही घडले तर बातमी संध्याकाळपर्यंत सर्वत्र होते. मागच्या बाकावर बसणाऱ्या विधवेचे काय झाले, हे कळावयास महिना लागतो.

तीन दिवसांनी, 18 ऑगस्टला, शेवटचा टप्पा आल्प द्युएझ ह्या डोंगराच्या माथ्यावर संपला. ह्या घाटात 21 वळणे आहेत. व्होलरिंगने जिवाच्या आकांताने सायकल हाणली व तो टप्पा जिंकला. पण सर्व टप्प्यांची बेरीज झाली तेव्हा न्येव्यादोमा 4 सेकंदांनी पुढे होती. चार सेकंद! प्रभूच्या प्रार्थनेचे पहिले वाक्य नीट म्हणावयास एवढा वेळ लागतो. पुरुषांच्या शर्यतीच्या साऱ्या इतिहासातही सर्वांत कमी अंतर 8 सेकंदांचे आहे, आणि ते 1989 सालचे. मग लोकांनी हिशेब मांडले. पाचव्या टप्प्यात संघाच्या आणखी दोघी-तिघी थांबल्या असत्या तर चार सेकंद भरून निघाले असते की नाही? संघाच्या बाजूने सांगितले गेले की, वायरलेसवरून नीट ऐकू आले नाही आणि पुढे असलेल्यांना आपली प्रमुख पडली हे कळलेच नाही.

ब्लांका वाशला दोष द्यावा असे मला वाटत नाही. घोळक्याच्या गोंगाटात, अशा वेगात, मागे काय झाले ते दिसत नाही. न्येव्यादोमालाही दोष नाही. ती दुसऱ्या संघाची होती आणि तिने शर्यत नियमाने जिंकली.

पडलेल्यास मागे टाकून जाणारे सगळे निर्दय नसतात, हे आम्हां भोपाळकरांस कोणी शिकवावयास नको. 1984 च्या डिसेंबरात, 2 तारखेच्या मध्यरात्रीनंतर, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला तेव्हा माणसे अंधारात, डोळे चोळीत, वाट फुटेल तिकडे पळाली. कोणाचा हात सुटला, कोण मागे पडले, हे अनेकांस सकाळी कळले. त्यांचा न्याय कोण करील? पण त्याच रात्री भोपाळ स्टेशनवर गुलाम दस्तगीर नावाचे उपस्टेशन अधीक्षक कामावर होते. प्रवाशांनी भरलेली मुंबईची गाडी त्यांनी वेळेआधी शहराबाहेर काढून दिली, आणि आपण स्वतः फलाटावर गुदमरणाऱ्या लोकांमध्ये राहिले. घरी त्यांचेही कुटुंब होते. त्या वायूने जडलेली दुखणी त्यांनी पुढे अनेक वर्षे सोसली, आणि 2003 साली ते वारले. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या माणसाजवळ जो थांबला तो याजक नव्हता, लेवीही नव्हता. प्रभूने त्या दाखल्यात शोमरोनी माणूस का घातला, ते आमच्या शहराला चांगले समजते.

आता आपल्या शास्त्रपाठाकडे वळू. त्यातही एक तरुण वाटेत पडला आहे.

योहान, ज्याला मार्क म्हणत, हा यरुशलेमच्या एका घरातला मुलगा. त्याच्या आईच्या घरी मंडळी प्रार्थनेस जमत असे. पौल व बर्णबा पहिल्या सुवार्ताफेरीस निघाले तेव्हा त्यांनी त्याला मदतनीस म्हणून बरोबर नेले. कुप्र बेट पार पडले. मग समुद्र ओलांडून ते पंफुल्यातील पिर्गा येथे उतरले. पुढे डोंगराळ, अवघड वाट होती. तेथून मार्क परत फिरला आणि यरुशलेमला गेला (प्रेषितांची कृत्ये 13:13). का, ते लूक लिहीत नाही. भ्याला असेल, आजारी पडला असेल, घरची आठवण आली असेल. उपदेशक ह्यावर पुष्कळ तर्क करतात. मला लूकचे मौन आवडते. पडलेल्याच्या कारणांची चर्चा त्याने केली नाही.

काही काळानंतर दुसऱ्या फेरीची तयारी झाली. बर्णबाचा आग्रह की मार्कला पुन्हा न्यावे. पौल म्हणाला की, जो अर्ध्या वाटेवर सोडून गेला त्याला घेणे योग्य नाही. दोघांमध्ये वाद झाला. तेथे मूळ ग्रीकमध्ये 'पॅरॉक्सिझमॉस' हा शब्द आहे. त्याचा अर्थ तीक्ष्ण भांडण, चेव येणे. नव्या करारात हा शब्द दोनच ठिकाणी येतो. दुसरे ठिकाण इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात आहे. तेथे एकमेकांना प्रीतीसाठी चेतवावे असे सांगताना तो वापरला आहे. बर्णबाच्या त्या भांडणात मला दोन्ही अर्थ एकत्र दिसतात. तो भांडला, पण आपल्या मानासाठी नव्हे. तो ज्याच्यासाठी भांडला तो तरुण एकदा नापास झालेला होता.

पौल सीलाला घेऊन पुढे गेला. पुढे फिलिप्पै, थेस्सलनीका, अथेनै, करिंथ, केवढा विजय! त्याच्या हातून झालेले काम पाहता तो चुकला असे म्हणण्याची माझी छाती नाही. देवाने त्याला पुढे जाण्यास बोलाविले होते. बर्णबा मार्कला घेऊन जहाजाने कुप्रास गेला. आणि येथे एक गोष्ट लक्षात घ्या : त्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबाचे नाव पुन्हा येत नाही. लूकची लेखणी पौलाबरोबर गेली. मागे राहिलेल्याच्या वाटेवर ती आली नाही. ब्रेडेवोल्डचा क्रमांक कोणी विचारीत नाही, तसेच हे.

पौलाला स्वतःला हे कळावयास हवे होते, असे कधी कधी मनात येते. कारण तो नुकताच पालटलेला शौल असताना यरुशलेमेत सारे शिष्य त्याला भीत होते. तेव्हा त्याला प्रेषितांपुढे नेणारा बर्णबाच होता. पुढे तार्सला जाऊन, शोधून, त्याला अंत्युखियास आणणाराही तोच. ज्याच्यासाठी कोणी थांबले होते त्याला दुसऱ्यासाठी थांबणे सुचू नये, असे घडते. मोठ्या माणसांच्याही बाबतीत घडते.

आता अवधपुरीची एक गोष्ट. नावे सांगत नाही, आणि कोणी ओळखू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत. एका कुटुंबातील मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरी गेली होती. तीन वर्षांनी ती लहान मुलाला घेऊन माहेरी परत आली. पहिल्या रविवारी ती उपासनेस आली. बाहेर पडताना चार भगिनींनी तिला एकच प्रश्न चार तऱ्हांनी विचारला : 'किती दिवस आहेस?' दुसऱ्या रविवारी ती आली. तिसऱ्या रविवारी आली नाही. त्या वर्षी आमच्या मंडळीत कापणीचा सण मोठ्या थाटात झाला, गायनमंडळाने नवी गीते बसविली, नव्या पंख्यांसाठी वर्गणी पुरी झाली. हे सारे चांगलेच होते. आणि ती मुलगी दोन गल्ल्यांपलीकडे खिडकीचा पडदा ओढून बसलेली होती.

मंडळीतील एक आजी, जिने शाळेत चौथीपलीकडे शिक्षण घेतलेले नाही, दर मंगळवारी दुपारी तिच्या घरी जाऊ लागली. हातात मेथीची जुडी. 'एकटीने निवडावयास कंटाळा येतो, म्हणून आले,' एवढेच ती सांगे. दोघी बसून भाजी निवडीत. आजीने मंडळीचा विषय काढला नाही, नवऱ्याचा काढला नाही, वचन म्हणून दाखविले नाही. मूल झोपले तर तिला डुलकी काढावयास सांगून आजी राखण बसे. असे पाच-सहा महिने चालले. आता ती मुलगी शिवणकाम करते व कधी कधी उपासनेस येते. शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसते. दर रविवारी येत नाही. आजीने तिला त्यावरूनही काही विचारलेले नाही. मंगळवारची मेथी मात्र चालू आहे. मेथीचा हंगाम संपला की मटार, मटार संपले की गवार.

काही बंधू म्हणतील की पौलाने तर बक्षीस मिळेल असे धावावयास सांगितले आहे, मग थांबत बसलो तर बक्षिसाचे काय? प्रश्न योग्य आहे. आल्प द्युएझच्या शर्यतीत विजेती एकच असते, म्हणून तेथे थांबण्याची किंमत सेकंदांत मोजली जाते. पण तोच पौल तीमथ्याला दुसरे पत्र लिहिताना आपल्या धावेचा शेवट जवळ आलेला पाहतो आणि सांगतो की, नीतिमत्त्वाचा मुकुट केवळ मला नव्हे, तर प्रभूच्या प्रकट होण्याची आवड धरणाऱ्या सर्वांना मिळावयाचा आहे. ह्या शर्यतीत दुसऱ्याला मुकुट मिळाल्याने आपला कमी होत नाही. थांबणाऱ्याचा वेळ जातो, जेवण थंड होते, दोन माणसे नावे ठेवतात. मुकुट जात नाही.

आणि पडलेला कायमचा पडलेला असतो, असेही धरून चालू नये. 2016 साली रिओ येथील ऑलिम्पिक शर्यतीत नेदर्लंडची आनेमिक व्हान फ्लौटन एकटी सर्वांपुढे होती. डोंगर उतरताना एका वळणावर ती भयंकर आदळली. तिच्या पाठीच्या मणक्यांना तीन ठिकाणी तडे गेले, डोक्याला जबर मार बसला. मागून आलेल्या तिच्याच देशाच्या अ‍ॅना व्हान डर ब्रेगनने तिला रस्त्याकडेला पडलेली पाहिले, पुढे जाऊन सुवर्णपदक मिळविले. त्या दिवशी व्हान फ्लौटनच्या जिवाचीच काळजी लोकांना वाटत होती. पुढे 2021 मध्ये टोकियोत तिने सुवर्णपदक मिळविले आणि 2022 ची महिलांची टूर डी फ्रान्सही जिंकली. जे रस्त्याकडेला पडलेले दिसते ते कोण आहे व पुढे काय होणार आहे, हे ओलांडून जाताना कोणालाच ठाऊक नसते.

ब्लांका वाशला वायरलेस ऐकू आला नाही. आपल्याजवळचा वायरलेस कोणता? शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, तो तुमच्या हातात आहे. तुमचा हजेरीपट. एखाद्या मुलाच्या नावापुढे ओळीने चार रविवार गैरहजेरीची खूण असेल तर ती खूण काहीतरी सांगत आहे. घरात बापाची नोकरी गेली असेल, आई दवाखान्यात असेल, मुलाला धड कपडे नसतील, किंवा वर्गात कोणी त्याला चिडविले असेल. वर्षअखेरी बक्षिसे देताना हजेरीपट उघडतो आणि ज्यांची हजेरी पूर्ण भरली त्यांना पुस्तके देतो. ते द्यावे. पण हजेरीपटाचे खरे वाचन उलट बाजूने करावयाचे आहे. ज्याला पुस्तक मिळणार नाही त्याचे घर कोठे आहे?

त्याच्या घरी जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. 'का येत नाहीस' हा प्रश्न दारातच टाकू नये. मिशा ब्रेडेवोल्डने मागे राहून 'पडलीस कशी' असे विचारले असते तर वेळ आणखी गेला असता. आणि रिकाम्या हाताने जाऊ नये. चुकलेल्या रविवारांची पाठाची कार्डे बरोबर घेऊन जावे, मुलाच्या हातात द्यावी, पाणी मागून प्यावे, थोडे बसावे. भगिनी मंडळातील कोणी बरोबर आली तर अधिक चांगले. घरची बाई पुरुषमाणसापुढे जे बोलणार नाही ते तिच्याजवळ बोलेल.

मार्कचे पुढे काय झाले ते दुसऱ्या तीमथ्याच्या शेवटच्या अध्यायात आहे. पौल रोममध्ये कैदेत आहे. हिवाळा तोंडावर आला आहे. देमास त्याला सोडून गेला, इतर इकडे तिकडे गेले, पहिल्या जबाबाच्या वेळी त्याच्या बाजूने कोणी उभे राहिले नाही. जवळ एकटा लूक. अशा वेळी तो तीमथ्याला लिहितो की, येताना त्रोवसात राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तके आण, विशेषेकरून चर्मपत्रे आण, आणि मार्कला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. पंफुल्यातून परत फिरलेला तोच मार्क. बर्णबाचे नाव त्या पत्रात नाही.